सामायिक फळीवरची भरती

मीरा रोडला खोली बघायला गेले तेव्हा घरमालकांनी मला ना नोकरी विचारली, ना गाव, ना लग्नाचं काय ते. त्यांनी विचारलं, "मीठ कुठे ठेवणार?"

मी म्हटलं, "डब्यात."

"डबा कुठे ठेवणार?"

आता मिठाचा डबा माणूस कुठे ठेवणार? ओट्यावर, शेगडीच्या बाजूला, जगात सगळीकडे ठेवतात तिथे. मी तसं सांगितलं. काकांनी चष्मा कपाळावर चढवला आणि माझ्याकडे असं बघितलं की मी बोजा उचलून परत रत्नागिरीची एसटी पकडणार होते. तेवढ्यात समोरच्या दारातून काकू ओरडल्या, "अहो, पोरगी दमून आल्ये, तिला आधी पाणी तरी द्या! मीठ काय पळून जातंय?"

काका-काकू गिरगावातून इकडे आले तेव्हा मीरा रोडला फ्लॅट स्वस्त मिळत होते म्हणे. त्यांनी समोरासमोरचे दोन घेतले. एकात ते राहायचे, दुसरा नोकरी करणाऱ्या मुलींना द्यायचे. मला तिथेच जवळ हाटकेशला एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टरची नोकरी लागली होती, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्राममध्ये चुका शोधायच्या आणि शिव्या खायच्या. खोलीत माझ्या आधीपासून हेतल नावाची भावनगरची जैन मुलगी राहत होती. तिने पहिल्याच दिवशी मला कानात सांगितलं, "अंकल दिल के अच्छे हैं. बस, उनकी फळी को हाथ मत लगाना."

ही फळी म्हणजे आमच्या स्वयंपाकघरातली भिंतीवरची एकुलती एक उघडी फळी. काका तिला सामायिक फळी म्हणायचे. प्रत्येकीला स्वतःचं एक कपाट होतं. जे एकटीला लागतं ते कपाटात. जे निदान दोघींना लागतं तेच फळीवर. मीठ दोघींना लागतं, म्हणून फळीवर. माझा मालवणी मसाला माझ्या कपाटात. हेतलने एकदा छुंद्याची बरणी फळीवर ठेवली आणि शपथेवर सांगितलं की आम्ही दोघी खातो. काकांनी तिथल्या तिथे पोळी मागवली आणि मला त्यांच्यासमोर छुंदा खायला लावला. मी खाल्ला. गोड लोणचं म्हणजे काय ते कोकणातल्या माणसाला समजावून सांगता येत नाही, पण चेहऱ्यावर दिसतं. बरणी हेतलच्या कपाटात गेली.

"सांगण्यावर जायचं नाही," काका म्हणाले. "वापर खरा पाहिजे."

हे खूळ त्यांच्या डोक्यात कुठून शिरलं ते मला महिन्याभराने कळलं. काका एका विमा कंपनीतून निवृत्त झाले होते आणि आता दिवसभर फुकट काम करायचे. लिनक्स नावाची संगणकाची प्रणाली फुकट मिळते, एवढं बऱ्याच जणांना माहीत असतं. ती फुकट मिळावी म्हणून जगभर किती माणसं बनियनवर बसून राबतायत, ते माहीत नसतं. एक जण प्रोग्राम लिहितो. दुसरा तो नीट बांधतो, त्यातली कुठली फाइल संगणकात कुठे जाऊन बसेल ते ठरवतो, आणि मग तो सगळ्यांसाठी एका मोठ्या भांडारात ठेवला जातो. ह्या बांधलेल्या सामानाला पॅकेज म्हणतात. काका त्याला डबा म्हणायचे. "जरा थांबा, डबा भरतोय," असं ते आतून ओरडायचे तेव्हा नवीन आलेली माणसं जेवायच्या आशेने बसून राहायची.

तर प्रत्येक प्रोग्रामबरोबर त्याचं स्वतःचं किडूकमिडूक येतं, छोट्या छोट्या स्क्रिप्टा. त्यांना लायब्ररी म्हणतात. ती ठेवायला संगणकात दोन जागा. एक सामायिक, तिथे ठेवलं की कुठलाही प्रोग्राम ते उचलून वापरू शकतो. दुसरी त्या त्या प्रोग्रामची स्वतःची खोली. आळशी लोक सगळंच सामायिक जागेत ओततात. मग दोन जणांच्या फाइलींचं नाव एकच निघतं, एकीच्या जागी दुसरी बसते, आणि भलत्याच ठिकाणी भलतंच बंद पडतं. काकांचं आयुष्य ह्या आळशी लोकांशी भांडण्यात चाललं होतं. सकाळी दूध आलं की ते संगणक उघडायचे आणि ब्राझीलमधल्या कोणाला तरी अतिशय सभ्य इंग्रजीत कळवायचे की बाबा, तुझा पसारा तुझ्या खोलीत ने.

मी एकदा सहज विचारलं, "काका, पण ही स्वतःची खोली ज्या फोल्डरात असते त्याचं नाव तर शेअर आहे. खाजगी सामान शेअरमध्ये कसं?"

काकांनी चहाचा कप खाली ठेवला. "शेअर म्हणजे तुझं-माझं शेअर नव्हे! जे कुठल्याही जातीच्या मशीनवर जसंच्या तसं चालतं, ते तिथे. मीठ कुठल्याही स्वयंपाकघरात चालतं. मिक्सरचं भांडं त्याच मिक्सरला बसतं. मग मीठ आणि मिक्सरचं भांडं एकत्र ठेवशील?" मी नाही म्हटलं. तरी ते बोलतच राहिले, आणि चहावर साय धरली.

तेलाचा प्रसंग ह्याच सुमाराचा. काका जन्माचे शाकाहारी. काकू मुर्ध्याच्या, खाडीकाठच्या, मासळीवाचून ज्यांचा रविवार उगवत नाही अशा. लग्नाच्या वेळी तह झाला होता: काकूंची शेगडी मागच्या गॅलरीत, भांडी वेगळी, काकांनी त्या दाराकडे बघायचं नाही. रविवारी मी मासळी आणायची आणि आम्ही दोघींनी गॅलरीत ती उडवायची, असा आमचा कार्यक्रम. एकदा बोंबील तळून उरलेलं तेल मी बाटलीत भरून घरी आणलं आणि घाईत फळीवर ठेवलं. फळीवर आमची तेलाची बाटली आधीच होती, तशीच, त्याच कंपनीची. संध्याकाळी हेतलने फोडणीसाठी हात घातला तो नेमका माझ्या बाटलीला. कढईतून वास आला आणि ती जी किंचाळली, की खालचा वॉचमन वर आला.

मला वाटलं आता आपलं चंबूगबाळं बाहेर. काका आले, दोन्ही बाटल्या शेजारी शेजारी ठेवून त्यांनी बघितल्या, आणि त्यांचा चेहरा असा खुलला की काय सांगू! "हेच! नाव एक, जागा एक, आणि आतला माल वेगळा. मी ह्या लोकांना वर्षानुवर्षं हेच सांगतोय!" त्यांनी तो किस्सा त्या रात्री जगभरच्या डबेवाल्यांना लिहून कळवला. पुढे वाद निघाला की कोणीतरी नुसतं "मीरा रोडचं तेल" एवढंच म्हणायचं, आणि समोरचा गप्प बसायचा. हेतलने मात्र ती कढई भंगारात दिली आणि चार दिवस माझ्याशी हिंदीतसुद्धा बोलली नाही.

सोसायटीतही काकांचं हेच. पॅसेज सगळ्यांचा, तेव्हा त्यात कोणाचा चपलांचा स्टॅण्ड दिसला की ते बेल वाजवायचे. "हे तुमचं आहे ना? मग तुमच्या घरात." शेजारच्या शहांनी एकदा चिडून विचारलं, "काका, आप को और कोई काम नहीं है?" काका शांतपणे म्हणाले, "है ना. लेकिन वो भी यही है."

आणि एवढ्या कडक माणसाचा एक डबा मात्र त्यांच्याच नियमात बसत नव्हता.

काकांनी स्वतः एक पंचांगाचा प्रोग्राम लिहिला होता. साधाच, तिथी-वार दाखवणारा. त्याला जोडून एक छोटी लायब्ररी होती, ती काकूंनी लिहिलेली. काकूंचे वडील मुर्ध्याच्या मिठागरात कामाला होते. उधाणाचं पाणी कधी आत घ्यायचं ते त्यांना तिथीवरून कळायचं: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, सहाला भरती. काकू शाळेत गणित शिकवायच्या. निवृत्त झाल्यावर एकदा काका म्हणाले, हा तुमचा हिशेब म्हणजे गावठी अंदाज. झालं! काकूंच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. त्या हट्टाने प्रोग्राम लिहायला शिकल्या, वडिलांच्या पाऊणपटीला कुठे किती मिनिटांची दुरुस्ती लागते ते सगळं बसवलं, आणि काकांच्या तोंडावर फेकलं. उत्तर बरोबर येत होतं.

काकांनी ती लायब्ररी सामायिक जागेत ठेवली. काकूंना म्हणाले, "आता ही आपली नाही राहिली. जगात कोणालाही भरती लागली, की त्याने इथून घ्यायची."

मिठागर तोवर बंद पडलं होतं. वडील गेले होते. काकूंनी मुर्ध्याला जाऊन सगळ्या भावकीला सांगितलं की बाबांची भरती आता जगभरच्या कंप्यूटरवर हाय. मधूनमधून त्या काकांना विचारायच्या, "कोण वापरतं हो?" काका म्हणायचे, "असतील कोणी कोणी." खरं म्हणजे कोणीही वापरत नव्हतं. एकटं काकांचं पंचांग वापरत होतं.

आणि मग तक्रार आली. कुठल्यातरी थंड देशातल्या एका तरुण डबेवाल्याने अतिशय नम्रपणे कळवलं होतं की ही भरतीची लायब्ररी एकाच प्रोग्रामला लागते, तेव्हा नियमाप्रमाणे तिची जागा त्या प्रोग्रामच्या खोलीत आहे. लिनक्सच्या पुढच्या आवृत्तीत नवं सामान घ्यायचं दार बंद व्हायच्या आत हलवावी, नाहीतर अख्खं पंचांग गाळावं लागेल. वर पुरावा म्हणून त्याने काकांचंच जुनं वाक्य दिलं होतं, आणि खाली लिहिलं होतं, "मीरा रोडचं तेल."

मला हे लगेच कळलं नाही. मला एवढंच दिसलं की शहांनी पॅसेजमध्ये नवाकोरा स्टॅण्ड ठेवला आणि काका त्याला वळसा घालून खाली गेले. मी काकूंना सांगितलं. काकू घाबरल्याच. "बीपी तपासलं पायजे," म्हणाल्या. मग मी काकांना एकटं गाठलं आणि त्यांनी मला सगळं दाखवलं.

"एवढंच ना?" मी म्हटलं. "मी एक खोटा-खोटा प्रोग्राम लिहिते, दोन ओळींचा. भरती मागवायची आणि फेकून द्यायची. झाले दोन वापरणारे!"

"म्हणजे खोटा भाडेकरू दाखवायचा?" काका ताडकन उठले. "माझ्या नावावर? छुंदा विसरलीस?"

"मग हलवा."

ते खाली बसले. चष्मा काढून पुसायला लागले. "हलवायला एक ओळ बदलायची आहे. प्रोग्राम चालतो तसाच चालेल, कोणाला काही कळणारसुद्धा नाही," ते म्हणाले. "पण तिला मी जगाची म्हणून सांगितलंय गं. आता म्हणू, की नाही, ती माझ्या पंचांगाच्या माळ्यावरची अडगळ आहे?"

मला त्यांची फार दया आली. एवढा भांडकुदळ माणूस, आणि बायकोला एक वाक्य सांगायला घाबरत होता.

सांगायची वेळच आली नाही. गॅलरीचं दार उघडं होतं आणि काकू आत येऊन उभ्या होत्या. रागावल्या की काकूंची शाळेतली मराठी सुटायची आणि थेट मुर्धा बोलायला लागायचं. "असतील कोनी कोनी, क्काय? आनि मी येडी सगल्या गावात सांगत फिरतंय! दुसऱ्याचा तो पसारा आनि आपला तो बाब्या, असा हाय तुमचा नियम!" मग आवाज एकदम खाली आला. "हलवा. नियम म्हंजे नियम. पन माज्या बापाची खाडी कोनाच्या खोलीत मावली न्हाय कदी, येवढा लक्षात ठेवा."

त्यानंतर त्या घरात संप झाला. काकू काकांशी बोलेनात, आणि काकांना ती एक ओळ बदलवेना. माझ्याशी बोलायच्या, पण गॅलरीची शेगडी बंद आणि भरतीचं नाव काढायचं नाही. आता ह्यात खरी गोची माझी होती. कारण मासळी कधी आणायला जायचं ते मला दर रविवारी काकूच बोटांवर मोजून सांगायच्या. मुर्ध्याच्या धक्क्याला भरतीच्या पाण्यावर होड्या लागतात, ओहोटीला नुसता चिखल. मागच्या रविवारी त्यांनी साडेदहा सांगितलं होतं. मी म्हटलं, जाईन आपली साडेदहालाच, त्यात काय!

गेले. खाडीत पाणी म्हणून नाही. होड्या चिखलात कुशीवर पडलेल्या, कुत्री झोपलेली. धक्क्यावर जाळं विणत बसलेल्या म्हातारीने मला वरून खाली बघितलं. "आज षष्ठी हाय गो. साडेच्यारला भरती. पानीच न्हाय, त मावरा काय उडत येनार?" आणि जी हसली, की तिच्या तोंडातलं पान खाली पडलं.

मी रिकामी पिशवी हलवत घरी आले ती अशी संतापलेली, की हातपाय न धुता लॅपटॉप उघडला. मी काही मोठी प्रोग्रामर नव्हे. पण काकूंची लायब्ररी मागवली, तिला आजची भरती विचारली, दिवसाउजेडी येणारी वेळ घेतली, त्यातून रिक्षाने मुर्ध्याला जायचा वेळ वजा केला, आणि ओळ छापली: "आता निघ." रविवारी सकाळी आपोआप चालेल असं लावलं. पुढच्या रविवारी त्याने सांगितल्या वेळी निघाले आणि फडफडती कोलंबी घेऊन आले; गॅलरी बंद होती तोवर शिजवायला ऑफिसातल्या एकीची शेगडी गाठायचे.

जिन्यात काका भेटले. पिशवीतून पाणी गळत होतं. "वेळ कोणी सांगितली?" त्यांनी विचारलं. "ती तर सांगत नाहीये."

मी सांगितलं. खरंच सांगते, तोवर माझ्या डोक्यात त्या तक्रारीचा विचारसुद्धा आला नव्हता. मला कोलंबी हवी होती. काका मात्र जिन्यातच थांबले.

"रोज वापरतेस?"

"रविवारी. आणि बुधवारी जमलं तर."

"हे तू माझ्यासाठी केलं नाहीस ना? खरं सांग."

"काका, मी तुमच्यासाठी मूग खाईन. मासे मी माझ्यासाठी खाते."

पण सांगण्यावर जायचं नाही, वापर खरा पाहिजे! पुढचे कितीतरी रविवार तो जन्माचा शाकाहारी माणूस जिन्याच्या तोंडाशी नाकाला रुमाल लावून उभा राहायचा. मी आले की म्हणायचा, "दाखव." मी पिशवी उघडायची. काका मान लांब करून आत डोकवायचे, एखादी चिंबोरी पाय हलवायची, काका दोन पायऱ्या मागे उडायचे. "ठीक आहे. जा." शहांनी हे बघून वॉचमनला विचारलं म्हणे, अंकलजी की तबियत तो ठीक है?

त्या आवृत्तीचं दार बंद व्हायच्या थोडं आधी काकांनी माझा डबा भरला. भरताना माझा जीव काढला. रिक्षाचा वेळ प्रत्येकाला आपला आपला घालता आला पाहिजे, ओळ माझ्या एकटीसाठी नको, चूक आली तर नीट सांगितली पाहिजे. नाव काकूंना विचारायला मला पाठवलं. काकू भांडी घासत होत्या. वळूनही न बघता म्हणाल्या, "मावरा." मुर्ध्याच्या बोलीत मासळी. वर्णनात काकांनी लिहिलं: "ताजी मासळी कधी मिळेल ते सांगतो. डबा भरणारा शाकाहारी आहे, चवीची हमी नाही." आणि माझ्या त्या दीड वितीच्या प्रोग्रामची स्वतःची स्क्रिप्ट कुठे ठेवली? अर्थात त्याच्या स्वतःच्या खोलीत. सामायिक जागेत फक्त काकूंची भरती.

थंड देशातल्या मुलाने तक्रार मागे घेतली. त्याने लिहिलं होतं की त्याच्या गावालाही समुद्र आहे, आणि तुमच्याकडे कुठले मासे मिळतात? काकांनी ते काकूंना मोठ्याने वाचून दाखवलं. संपानंतरचं ते पहिलं वाक्य. काकूंनी हात पदराला पुसले आणि म्हणाल्या, "त्याला लिवा, बोंबील." मग गॅलरीत जाऊन शेगडी पेटवली.

दुसऱ्या वर्षी मला बंगळूरला नोकरी लागली. सामान बांधत होते तेव्हा काका दारात येऊन उभे राहिले. फळीवरचं मीठ त्यांनी एकदा उचललं, परत ठेवलं.

"तिकडे समुद्र नाही," ते म्हणाले.

"नाही."

"मग तुला भरती लागणार नाही."

मी म्हटलं, "काका, मी तिथूनही चालवेन की प्रोग्राम. दर रविवारी. नुसतं बटण तर दाबायचं."

"नको," ते म्हणाले. "ते छुंद्यासारखं होईल."

रिक्षात बसले तेव्हा मला रडूच आलं. घर सोडायचं वाईट वाटत होतंच, पण जास्त वाईट ह्याचं वाटत होतं की आता फळीवरून काकूंची भरती उतरणार, आणि ती हा माणूस स्वतःच्या हाताने उतरवणार.

महिना-दीड महिना गेला. एका रविवारी सकाळी हेतलकडून एक फोटो आला. ती आता त्याच फ्लॅटमध्ये एकटी वैतागलेली. फोटो मुर्ध्याच्या धक्क्यावरचा होता, मुर्ध्यातल्या कोणी काकूंना पाठवलेला, काकूंनी हेतलला, हेतलने मला. खाडी काठोकाठ भरलेली. काकू टोपलीशी वाकून भाव करतायत. त्यांच्यामागे काका, एका हाताने नाकाला रुमाल, दुसऱ्या हाताच्या दोन बोटांत लांब धरलेली मासळीची पिशवी.

मी लगेच फोन लावला. मागे होड्यांचा, बायकांचा, कावळ्यांचा गलका.

"काका, तुम्ही? मासे?"

"आज एकादशी. सव्वाआठची भरती, सात पस्तीसला निघ म्हणाला तुझा मावरा," काका रुमालातून बोलत होते. "दर रविवारी येतोय आता. तिला ताजे लागतात."

मागून काकू ओरडल्या, "अहो, पिशवी नीट उघडा! आणि डोळे मिटू नका!"

"ठेवतो," काका म्हणाले. "वापर चाललाय."